दप्तराची दुसरी प्रत आणि तिची किल्ली



२१ जून २०१२ रोजी दुपारी मुंबईत मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर आग लागली आणि पाहता पाहता ती वरच्या मजल्यांवर पसरली. पाच जणांना प्राण गमवावे लागले. मनुष्यहानीपुढे कागदांचे दुःख गौण होय. तथापि त्या दिवशी जळालेल्या धारिकांमागेही माणसेच होती, कोणाचे निवृत्तिवेतन, कोणाची जमीन, कोणाची नेमणूक. पुढे ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर भागात आणि जुलै २०२१ मध्ये महाडला पुराचे पाणी घरांत, दुकानांत व कचेऱ्यांत शिरले. जे दप्तर एकाच जागी आहे, ते त्या जागेच्या नशिबाशी बांधलेले असते, हा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही.

दप्तराचा मोठा भाग आता संगणकात आला आहे. संगणकातील दप्तराला वाळवी लागत नाही, ही त्याची थोरवी मान्य केली पाहिजे. परंतु हार्ड डिस्क निकामी झाली, विजेचा दाब एकाएकी वाढला, अथवा फाइलींना टाळे ठोकून खंडणी मागणारा एखादा प्रोग्राम शिरला, तर वर्षानुवर्षांच्या नोंदी एका रात्रीत हातच्या जातात. त्यावर उपाय एकच, आणि तो जुनाच आहे: दुसरी प्रत काढून दूर ठेवणे. पूर्वी ही प्रत हाताने उतरवून घेत. आता ती इंटरनेटवरून दुसऱ्या गावच्या सर्व्हरवर, म्हणजे इतरांच्या फाइली सांभाळण्यासाठी अहोरात्र चालू असलेल्या संगणकावर, पाठविता येते.

हे काम माणसावर सोपविले की काय होते, हे कचेरीत बसणाऱ्यास सांगावयास नको. पहिले काही दिवस नेमाने पेन ड्राइव्ह भरली जाते. पुढे मार्चअखेरची धावपळ येते, निवडणुकीचे काम येते, कर्मचारी रजेवर जातो, आणि तपासणीच्या वेळी असे आढळून येते की शेवटची प्रत सात महिन्यांपूर्वीची आहे. यास्तव हे काम यंत्राकडे देणे इष्ट ठरते. रात्री ठरल्या वेळी संगणकाने आपण होऊन फाइली गोळा कराव्यात, दूरच्या सर्व्हरवर नेऊन ठेवाव्यात आणि सकाळी कळवावे, अशी योजना करता येते. ती करणे फारसे अवघड नाही, खर्चही बेताचा आहे. मात्र रात्री दोन वाजता कचेरीत कोणी नसताना दूरच्या सर्व्हरचे दार उघडावयाचे, तर ओळख कोणी पटवावयाची, हा प्रश्न उरतो. आणि साऱ्या योजनेची सुरक्षितता त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.

पोस्टकार्डावर लिहिलेला परवलीचा शब्द

एका संगणकावरून दुसऱ्यावर फाइल पाठविण्याच्या नियमांचा पहिला मसुदा एप्रिल १९७१ मध्ये अभय भूषण या भारतीय अभियंत्याने लिहिला. अलाहाबादेत जन्मलेले भूषण कानपूरच्या आय. आय. टी.च्या १९६५ साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीचे पदवीधर. त्या वेळी ते अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत होते. एफटीपी या नावाने ही पद्धती जगभर रूढ झाली. त्या काळच्या जाळ्यावर मोजकीच विद्यापीठे आणि संशोधनसंस्था होत्या. एकमेकांवर अविश्वास दाखवावा, असे कोणास वाटण्याचे कारण नव्हते. साहजिकच त्या पद्धतीत पासवर्ड उघडा जातो. वाटेतील कोणाही संगणकास तो वाचता येतो. तिजोरीचा आकडा पोस्टकार्डावर लिहून टपालात टाकण्यासारखाच हा प्रकार होय. जाळे लहान होते तोवर निभावले.

१९९५ साली फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यात कोणी तरी अशीच चोरून टेहळणी करून पासवर्ड मिळविल्याचे उघडकीस आले. तेथील संशोधक तातू युलोनेन यांनी त्याच वर्षी एसएसएच ही नवी पद्धती रचली आणि जुलैमध्ये ती सर्वांना विनामूल्य उपलब्ध करून दिली. तीत दोन संगणकांमधील सारा संवाद गुप्तलिपीत चालतो. एक गमतीची बाब अशी की, जुन्या एफटीपीचे दार क्रमांक २१ आणि दूरच्या संगणकावर काम करण्याच्या टेलनेट या पद्धतीचे दार क्रमांक २३ होते. मधला २२ मोकळा होता. युलोनेन यांनी तो मागितला आणि दुसऱ्याच दिवशी तो मंजूर झाला. इतक्या त्वरेने मंजुरी मिळाल्याचे उदाहरण कोणत्याही देशाच्या कारभारात विरळाच! एसएसएचच्याच आवरणात फाइली नेण्याची जी रीत आहे, तिला एसएफटीपी म्हणतात. १९९९ साली सुरू झालेल्या ओपनएसएसएच या विनामूल्य संचामार्फत ती बहुतेक सर्वत्र पोचली आहे. असे असूनही एफटीपी काही ठिकाणी अद्याप चालू असते, केवळ पूर्वीपासून चालत आली म्हणून.

कुलूप द्यावे, किल्ली देऊ नये

गुप्तलिपीने वाटेतला चोर थोपविला. पण रात्री दोन वाजता पासवर्ड टंकित करण्यास माणूस नाही, ही अडचण तशीच राहिली. पुष्कळ ठिकाणी तिच्यावर सोपा तोडगा काढला जातो: फाइली पाठविणाऱ्या प्रोग्राममध्येच पासवर्ड लिहून ठेवतात. हा तोडगा नव्हे. तो प्रोग्राम ज्याच्या हाती पडेल त्याला दूरचे दप्तरही मिळाले, असे समजावे.

योग्य मार्ग किल्लीच्या जोडीचा आहे. व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या अमेरिकन संशोधकांनी १९७६ साली या विचाराची उघडपणे मांडणी केली. संगणक एकमेकींशी गणिताने बांधलेल्या दोन किल्ल्या तयार करतो. एक खाजगी, दुसरी सार्वजनिक. व्यवहारातील दृष्टान्ताने सांगावयाचे, तर सार्वजनिक किल्ली म्हणजे कुलूप. ते शंभर दारांवर लावले तरी हरकत नाही, कोणी नीट निरखून पाहिले तरी बिघडत नाही. खाजगी किल्ली मात्र आपल्या संगणकाबाहेर कधीच जाता कामा नये. भेटीच्या वेळी पाठविणारा संगणक त्या भेटीपुरत्या ठरलेल्या मजकुरावर खाजगी किल्लीने स्वाक्षरी करतो, आणि सर्व्हर आपल्याजवळच्या सार्वजनिक किल्लीने ती पडताळून पाहतो. किल्ली प्रवास करीत नाही, तिची केवळ खूण प्रवास करते. महाराष्ट्रात २०१८ पासून मिळू लागलेला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ज्या तत्त्वावर विश्वसनीय मानला जातो, तेच तत्त्व येथे आहे. ग्रामपंचायतीच्या देयकांसाठी सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) जे डोंगल वापरतात, त्याच्या पोटातही अशीच खाजगी किल्ली असते. ते डोंगल स्वतःजवळ न बाळगता दुसऱ्याच्या खणात टाकून ठेवणे म्हणजे कोऱ्या कागदावर सही करून देण्यासारखेच आहे.

सर्वसाधारणपणे खाजगी किल्लीवर आणखी एक परवलीचा शब्द असतो. स्वयंचलित कामात तो विचारण्यास कोणी नसल्यामुळे बहुधा तो ठेवता येत नाही. म्हणजे ही किल्ली पहारेकऱ्यावाचून असते, आणि म्हणूनच तिच्याभोवती दुसरी कुंपणे घालावी लागतात. प्रथमतः, या कामासाठी स्वतंत्र किल्ली असावी. अधिकाऱ्याच्या नित्याच्या वापरातील किल्ली येथे जुंपू नये. ती ज्या फाइलीत असते, ती एकाच खात्याला वाचता यावी. ही फाइल इतरांना वाचण्यास मोकळी असल्याचे आढळल्यास ओपनएसएसएच ती वापरण्यास चक्क नकार देते, आणि मग पुष्कळजण त्या नकारालाच दोष देतात.

दुसरे कुंपण सर्व्हरच्या बाजूस घालावयाचे. या किल्लीने येणाऱ्यास स्वतंत्र खाते द्यावे, त्यास एकाच कप्प्यात बंदिस्त ठेवावे, फाइली ठेवण्यापलीकडे कोणतीही आज्ञा देता येऊ नये, आणि शक्य असल्यास ही किल्ली ठराविक पत्त्यावरूनच चालावी. रस्त्यावरील लाल टपालपेटीत पत्र टाकता येते, काढता येत नाही. येथेही तसेच असावे. हा भाग विशेष महत्त्वाचा आहे. कचेरीतील संगणकाचा ताबा खंडणीखोराकडे गेला, तर त्या संगणकातील किल्लीही त्याच्याकडे जाते. त्या किल्लीने दूरच्या प्रती पुसता येत असतील, तर तो प्रथम त्याच पुसतो. प्रत दूर होती, पण सुरक्षित नव्हती, असे मग म्हणावे लागते. त्यासाठी आलेली प्रत सर्व्हरने लगेच दुसरीकडे हलवावी, अथवा काही आठवडे तरी ती कोणास बदलता येऊ नये, अशी तजवीज करावी.

समोरचा खरा आहे काय?

ओळख दोन्ही बाजूंनी पटावी लागते. आपण सर्व्हरला ओळख देतो, तद्वतच सर्व्हरनेही द्यावयाची असते. अन्यथा वाटेत कोणी खोटा सर्व्हर उभा करून सारे दप्तर स्वीकारील आणि पोच देऊन मोकळा होईल. प्रत्येक सर्व्हरलाही आपली किल्ली असते आणि तिचा एक लहानसा ठसा असतो. पहिल्या भेटीत संगणक तो ठसा दाखवून विचारतो की, हा मान्य आहे काय? येथे बहुतेकजण न वाचता होकार देतात. वास्तविक तो ठसा सर्व्हर चालविणाऱ्याकडून दूरध्वनीवर किंवा पत्राने मागवून अक्षर न् अक्षर पडताळावयाचा असतो. काम दोन मिनिटांचे, आणि तेही एकदाच. पुढे ठसा बदलल्यास संगणक पाठवणी थांबवितो.

मार्च २०२३ मध्ये याची प्रचीती जगभर आली. गिटहब ही संगणकीय प्रोग्रामांचा साठा सांभाळणारी मोठी संस्था. तिच्या सर्व्हरची एक खाजगी किल्ली थोडा वेळ चुकून सार्वजनिक जागी उघडी पडली. गैरवापर झाल्याचे आढळले नव्हते. तरीही संस्थेने २४ मार्च रोजी ती किल्ली बदलली, आणि जुन्या ठशावर चालणारी असंख्य स्वयंचलित कामे जागच्या जागी अडली. त्याबद्दल कुरकुर झाली असेल, पण कामे अडली हेच योग्य होते. अशा खोळंब्याला कंटाळून ठशाची तपासणीच बंद करण्याची एक सोय आहे आणि ती सर्रास वापरली जाते. नाक्यावर वाहने तुंबतात म्हणून नाकाच काढून टाकण्याचा हा शहाणपणा आहे.

दोन वाजून पंधरा मिनिटे

ठरल्या वेळी काम सुरू करण्यासाठी युनिक्स वंशाच्या संगणकांत क्रॉन नावाची व्यवस्था असते. तिच्या तक्त्यात मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार अशी पाच घरे भरून पुढे काम लिहावयाचे. याविषयी दोन-तीन व्यावहारिक गोष्टी सांगणे अगत्याचे आहे. पुष्कळ सर्व्हर ग्रीनिचच्या जागतिक वेळेवर चालतात. भारतीय प्रमाणवेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. तेथे दोन वाजून पंधरा मिनिटांची वेळ लिहिली, तर काम येथे सकाळी पावणेआठला सुरू होते. दुसरे असे की, हाताने चालवून पाहिलेले काम क्रॉनमधून चालेलच असे नाही. कारण क्रॉनला माणसाच्या खात्यातील सवयीच्या सोयी उपलब्ध नसतात, प्रत्येक गोष्टीचा पुरता पत्ता द्यावा लागतो. दिवसा यशस्वी झालेली चाचणी पाहून समाधानाने घरी जाणाऱ्यास हे ठाऊक असावे.

फाइल अर्धी गेली असताना वीज गेली तर? अर्धी फाइल नावाने पुऱ्या फाइलीसारखीच दिसते. म्हणून ती प्रथम तात्पुरत्या नावाने पाठवावी आणि पूर्ण पोचल्यावरच तिला खरे नाव द्यावे. तसेच दोन्हीकडे फाइलीचा गणिती ठसा काढून रुजवात घालावी. एक अक्षर जरी बदलले तरी ठसा बदलतो. रोजकीर्द आणि खतावणी यांचा मेळ घालणाऱ्यांना ही कल्पना परकी वाटू नये. फाइली मोठ्या आणि इंटरनेट मंद असेल, तर आरसिंक या साधनाचा उपयोग करावा. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांचे हे साधन १९९६ सालचे आहे. ते काल आणि आज यांतील फरक तेवढा पाठविते आणि त्यासाठी एसएसएचचाच मार्ग वापरू शकते.

न आलेली पत्रे

एवढे सारे नीट झाले तरी एक धोका शिल्लक राहतो, आणि अनुभवान्ती तोच सर्वांत मोठा ठरला आहे. माणसाने काम चुकविले तर कोणाच्या तरी ध्यानात येते. यंत्राने चुकविले तर ते मुकाट्याने चुकविते.

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या संस्थेत एक अभियंता रात्री उशिरापर्यंत सर्व्हरच्या एका बिघाडाशी झुंजत होता. त्याने दुय्यम सर्व्हरवरील माहिती पुसण्यासाठी दिलेली आज्ञा मुख्य सर्व्हरवर दिली गेली. एक-दोन सेकंदांत चूक उमगली. तोवर सुमारे ३०० गिगाबाइटांपैकी साडेचार गिगाबाइट उरले होते. अशा प्रसंगासाठीच तर दूरच्या प्रती होत्या! दररोज आपोआप प्रत काढून ॲमेझॉनच्या दूरस्थ साठ्यात पाठविण्याची व्यवस्था होती. तो साठा उघडला, तर रिकामा निघाला. प्रत काढणारे साधन ९.२ या आवृत्तीचे आणि माहितीचा साठा ९.६ या आवृत्तीचा. दोहोंचा मेळ नसल्याने काम रोज अयशस्वी होत होते. अयशस्वी झाल्याचे कळविणारी पत्रेही रोज निघत होती. परंतु त्या ईपत्रांवर प्रेषकाच्या सत्यतेची आवश्यक ती खूण नसल्यामुळे टपाल स्वीकारणारा सर्व्हर ती परत लावीत होता. म्हणजे प्रत नाही, आणि प्रत नाही हे सांगणारे पत्रही नाही. संस्था वाचली ती एका योगायोगाने. त्याच अभियंत्याने सुमारे सहा तास आधी, निराळ्याच कामासाठी, हाताने एक प्रत काढून ठेवली होती. मधल्या सहा तासांतील नोंदी मात्र गेल्या. संस्थेच्याच अंदाजाने त्यांत सुमारे ५,००० प्रकल्प आणि ७०० नवी खाती होती. प्रकल्पांतील प्रोग्रामांचा साठा वेगळा असल्याने तो शाबूत राहिला. संस्थेने हा सारा वृत्तान्त स्वतः प्रसिद्ध केला, ही गोष्ट तिला भूषणावह आहे. कारण असा प्रकार घडलेल्या कितीतरी कचेऱ्या तो झाकूनच ठेवतात.

जपानमधील क्योतो विद्यापीठात डिसेंबर २०२१ मध्ये याच्या उलट घडले. तेथील महासंगणकाच्या प्रती काढणाऱ्या प्रोग्रामात जुन्या नोंदवह्या पुसण्याचा एक भाग होता. पुरवठादार कंपनीने तो सुधारून, जुना प्रोग्राम चालू असतानाच, त्याच्या जागी बसविला. अर्धा जुना आणि अर्धा नवा मजकूर मिळून जी आज्ञा बनली, तिने नोंदवह्यांऐवजी संशोधकांच्या फाइलीच पुसल्या. सुमारे ७७ टेराबाइट, ३ कोटी ४० लाख फाइली आणि १४ संशोधनगट. त्यांपैकी चार गटांची माहिती परत मिळविता आली नाही. रक्षणासाठी ठेवलेल्या यंत्रानेच हे केले.

तेव्हा केवळ अपयशाची सूचना मागवून भागत नाही. यशाचीही मागवावी, आणि ती न आल्यास त्याच सकाळी विचारपूस व्हावी. त्यासाठी एका नामनिर्दिष्ट कर्मचाऱ्याकडे साधी नोंदवही द्यावी: तारीख, फाइलींची संख्या, एकूण आकार, आद्याक्षरे. काल ४०० फाइली गेल्या आणि आज चारच गेल्या, तर काम यशस्वी झाले असे यंत्र सांगेल. नोंदवही पाहणारा माणूस मात्र थबकेल. महिन्यातून एकदा दूरच्या प्रतींतील कोणतीही एक फाइल परत आणून उघडून पाहावी. सव्वाशे पाने असलेली यादी आहे की कोरे पान, हे उघडल्याखेरीज कळत नाही.

भारतीय संगणक आपत्ती प्रतिसाद पथकाने, म्हणजे सर्ट-इनने, २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेले निर्देश शासकीय संस्थांनाही लागू आहेत. त्यांनुसार संगणकीय सुरक्षाभंगाची निर्दिष्ट प्रकारची घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवावी लागते, कामकाजाच्या संगणकीय नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात आणि घड्याळे प्रमाणवेळेशी जुळवून ठेवावी लागतात. रात्रीच्या पाठवणीची नोंद या १८० दिवसांत मोडते, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते.

राहता राहिली बदलीची गोष्ट. ज्या कर्मचाऱ्याने ही व्यवस्था बसविली त्याची बदली होते, कार्यभार सोपविला जातो, कपाटांच्या किल्ल्या मोजून दिल्या-घेतल्या जातात, जडवस्तूंच्या नोंदवहीवर सह्या होतात. खाजगी किल्लीची एक प्रत मात्र त्याच्या स्वतःच्या लॅपटॉपवर, चाचणीच्या दिवसापासून, तशीच राहिलेली असते. त्यात त्याचा काही हेतू असतो असे नव्हे. कोणी विचारलेले नसते, इतकेच. कार्यभार अहवालात एक रकाना वाढवावा: किल्लीचे नाव, ती कोणत्या संगणकावर आहे, कोणत्या सर्व्हरवरील कोणता कप्पा ती उघडते, केव्हा तयार केली. नव्या कर्मचाऱ्याने रुजू झाल्याच्या आठवड्यात नवी जोडी तयार करावी, तिची सार्वजनिक किल्ली सर्व्हर चालविणाऱ्याकडे पाठवावी, नव्या किल्लीने एक रात्र काम सुरळीत झाल्याचे पाहावे, आणि त्यानंतर सर्व्हरवरील यादीतून जुन्या किल्लीची ओळ खोडून घ्यावी. ओळ खोडताच जुनी किल्ली, ती कोणाच्याही लॅपटॉपवर असो, निरुपयोगी होते.